रविवारची संध्याकाळ नकोशी होते

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांचा आहे. एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम बघतो. रोज संध्याकाळी ७ वाजता साहेबांची व्हिडिओ मीटिंग असते. ज्याचा आकडा कमी, त्याला सगळ्यांदेखत आईबहिणीवरून ऐकावं लागतं. ११ वर्षांत कामाला कधी नाही म्हटलं नाही. पण आता रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. परवा मुलगा चित्रकलेची वही दाखवायला आला, तर त्याच्यावर खेकसलो. पित्ताच्या गोळ्या चालू आहेत. आठवडाभर रजा घेतली, तरी फरक नाही. मीच कमी पडतोय का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाऊ, तुम्ही कमी पडत नाही. रोज ७ वाजता हेच कानावर आदळत असेल, तर कुणालाही ते खरं वाटायला लागतं.

मी बँकेत काउंटरला होते. आमचे एक मॅनेजर चूक सापडली की ग्राहकांसमोर लेजर टेबलावर आपटायचे. मग मी प्रत्येक बेरीज तीन-तीनदा करायची, तरी संध्याकाळी कॅश जुळायची नाही. हात नोटांवर, कान केबिनच्या दाराकडे. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण नसायचं. त्याआधीच्या साहेबांच्या हाताखाली मार्च एंडिंगला रात्री ११ पर्यंत बसलेय. ते वडापाव मागवून आमच्या शेजारी व्हाउचर तपासायचे. तेव्हा झोप गाढ लागायची.

तुमची रजा म्हणूनच वाया गेली. त्या आठवड्यात सोमवारची मीटिंग तुम्ही मनात कितीदा ऐकलीत, आठवून बघा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस पार पिचून जाण्याची, तीन लक्षणं सांगितली : शक्ती संपणं, कामाचा तिटकारा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्याची नोंद आजार म्हणून केलेली नाही, नोकरीतून उद्भवणारी अवस्था म्हणून केली आहे. तेव्हा दोष स्वतःच्या स्वभावात शोधू नका.

एक वही घाला, ती घरीच ठेवा. तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि साहेबांचे नेमके शब्द त्यात लिहा. शिव्याही जशाच्या तशा, लाजू नका. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. रोजच्या अशा शिवीगाळीसाठी आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून लेखी नोंद फार मोलाची. एचआरकडे तक्रार कराल तेव्हा मीटिंगमधल्या आणखी दोघा-तिघांना सोबत घ्या. दुसरी नोकरी शोधायलाही आजच लागा. ११ वर्षांचा अनुभव तुमचा आहे, साहेबांचा नाही.

डॉक्टरांना पित्ताबरोबर झोपेचं आणि मीटिंगचंही सांगा. फारच कोंडल्यासारखं झालं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.

आणि ती चित्रकलेची वही आज मागून घ्या. बाबा ऑफिसमुळे वैतागला होता, तुझ्यावर रागावला नव्हता, हे मुलाला समोर बसवून सांगा.