ओळीवर बोट ठेव

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुमच्या वाचनमंडळात अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’ या कवितासंग्रहावर चर्चा झाली, निम्मे जण भारावून बोलले, उरलेल्यांनी तो संग्रह म्हणजे विद्वत्तेचे प्रदर्शन असल्याचे म्हटले आणि तू शेवटपर्यंत गप्प राहिलीस, हे तुझ्या पत्रातून कळले. तुझ्या गप्प राहण्याचे मला काही वाटले नाही, पण त्यातून तू जो निष्कर्ष काढलास तो मला अजिबात मान्य नाही. ‘मला कवी ग्रेस आवडतात, कोलटकर पोचत नाहीत, म्हणजे माझीच समज तोकडी असणार,’ असे तू लिहितेस. एवढ्या मोठ्या पत्रात त्या संग्रहातल्या एकाही कवितेचे नाव नाही. तुझ्या हकिकतीवरून दिसते की स्तुती करणाऱ्यांनी ते घेतले नाही आणि नाके मुरडणाऱ्यांनीही नाही. मग तुम्ही चर्चा केलीत ती कशाची? कवितासंग्रह आवडो किंवा न आवडो, ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे. ते ठेवल्याशिवाय स्वतःच्या समजेवर निकाल देण्याचा अधिकार तुलाही नाही.

अरुण कोलटकरांचा ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह 1977 साली आला आणि ‘भिजकी वही’ 2003 साली. पहिल्या संग्रहाची तुटक, अंगावर येणारी प्रतिमासृष्टी मनात धरून बसलेला वाचक दुसऱ्या संग्रहाशी आला की गोंधळतो, कारण इथे कवी थांबून, पसरून, देशोदेशींच्या आणि युगायुगांच्या स्त्रियांच्या अश्रूंविषयी बोलतो. त्यात ग्रीक पुराणकथेतली कॅसांड्रा आहे, हायपेशिया आहे, सूफी संत राबिया आहे. हायपेशिया ही अलेक्झांड्रियातली गणिती आणि तत्त्वज्ञ, इसवी सन 415मध्ये जमावाने तिची हत्या केली, हे ठाऊक नसेल तर त्या कवितेत अडायला होणारच. परंतु हे अडणे माहितीचे आहे आणि ज्ञानकोश उघडला की ते संपते. त्यानंतरही कविता थंड वाटली तर ते तुझे खरे नावडणे, आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. ज्यांनी संग्रहाला पुस्तकी ठरवले त्यांना मात्र विचार, की किमवरची कविताही पुस्तकी आहे का? 1972 साली नापाम या आग लावणाऱ्या बॉम्बने भाजलेली, रस्त्यावरून धावत येणारी ही व्हिएतनामी मुलगी सगळ्या जगाने छायाचित्रात पाहिली आहे. तिथे कोणता ज्ञानकोश लागतो? बोट ठेवले की असे मोघम निकाल टिकत नाहीत, म्हणूनच लोक ते ठेवायचे टाळतात.

आता तुझ्या ग्रेसांकडे येतो. ग्रेस माझे कवी नव्हेत, हे तुला आधीच सांगून ठेवतो. ‘संध्याकाळच्या कविता’ 1967 साली आल्या आणि तेव्हापासून त्यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का बसला. गंमत अशी, की तो शिक्का मारणारे कितीतरी जण हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतले ‘भय इथले संपत नाही’ मनापासून ऐकतात. त्या कवितेत ज्याची आठवण येते, ज्याने गीते शिकवली, तो ‘तू’ कोण? आई, प्रेयसी, की देव? कविता ते ठरवून देत नाही. मला नेमके तिथेच अडते. मला बोलणारा आणि ऐकणारा दोघेही दिसावे लागतात. तुला नेमके तिथेच मोकळे वाटत असेल. एकाच ओळीपाशी आपण दोघे थांबलो आणि दोन दिशांना गेलो, यात समज कोणाची कमी आणि कोणाची जास्त, हा प्रश्न येतोच कुठे? माझा एक जुना मित्र याच ‘तू’वरून माझ्याशी वर्षानुवर्षे भांडला. आमचे मत कधीच जुळले नाही आणि आता तो नाही. ग्रेसांवर इतक्या नेमकेपणाने माझ्याशी भांडणारे दुसरे कोणी मला मिळाले नाही, याची हळहळ मला फार आहे.

अवघड म्हटले जाणारे संग्रह एकाच तऱ्हेने अवघड नसतात, हे तुमच्या मंडळात कोणी बोलले नाही याचे मला नवल वाटते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972चा, मुंबईच्या वेश्यावस्तीच्या जगातला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि मुंबईत राहणाऱ्या, लेखनावर जगणाऱ्या त्या माणसाने हे जग आणि त्याचे शब्द आपल्याला अनोळखी असल्याचे तिथे स्वच्छ सांगितले आहे. न कळलेल्या शब्दांवर त्यांनी बोट ठेवले आणि थेट कवीलाच विचारले. मर्ढेकरांचे उदाहरण याहून वेगळे. 1939च्या ‘शिशिरागम’मधले हळवे सूर आवडलेल्या वाचकांपुढे 1947 साली ‘काही कविता’ आल्या तेव्हा छंद ओवी-अभंगाच्या वळणाचे, ओळखीचे होते, पण आत पिपात मेलेले उंदीर होते. संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. कान ओळखीचा आणि दृश्य परके, अशी ती अडचण होती. गोलपिठ्यात शब्द परके आहेत, कोलटकरांत संदर्भ परके आहेत, ग्रेसांत शब्द सगळे घरचे असूनही अर्थ हाती येत नाही. तुला यांतले काय सोसते आणि काय सोसत नाही, हे ओळख. तीच तुझी आवड. ती मंडळात हात वर करून ठरत नाही.

हे फार कष्टाचे आहे, असे म्हणू नकोस. 1290 सालची ज्ञानेश्वरी आपल्या खेड्यापाड्यांतली माणसे पारायणाला बसून वाचत आली आहेत. प्रत्येक ओवी त्यांना कळते असे नाही. जिथे अडते तिथे ती कीर्तनकाराला विचारतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाचतात. न कळण्याची भीती आपल्याला फार नंतर लागली.

मी ज्या मंडळात होतो तिथे ‘कोणत्या ओळीत?’ हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारत असे. लोकांना तो जाच वाटला, मला हेकट म्हटले गेले, काही जण येईनासे झाले. तरीही मी प्रश्न सोडला नाही, आणि आजही मला वाटते की तो सोडला असता तर ते मंडळ चहापुरते उरले असते. जे टिकले ते एकमेकांशी कधी सहमत झाले नाहीत, पण त्यांच्यातल्या कोणाला काय आवडते आणि का, हे मी आजही नेमके सांगू शकतो.

पुढच्या बैठकीला जाण्याआधी ‘भिजकी वही’ सगळी वाचू नकोस. हायपेशिया आणि किम या दोनच कविता घे, मोठ्याने वाच आणि जिथे अडशील तिथे पेन्सिलीने खूण कर. बैठकीत कोणी ‘महान’ म्हणाले किंवा ‘भंपक’ म्हणाले, तर त्यांच्यापुढे पुस्तक उघडून धर आणि ओळ विचार. आणि मला लिहिशील तेव्हा ‘पोचत नाही’ एवढेच लिहू नकोस, खूण केलेल्या ओळी जशाच्या तशा उतरवून पाठव.

तुझा,
काका