शहरात कलावंतांचा परिसर उभा करायचा तर महापालिकेने काय करावं?

तुम्ही विचारलंय की जुना भाग निवडून तिथे कलादालन, भित्तिचित्रं, कॅफे असं महापालिकेने करावं का. माझं मत: आधी तालमीला खोली द्यावी. भिंती नंतर रंगवा.

आमचा हौशी नाट्यसंघ. अकरा वर्षं आम्ही महापालिकेच्या एका शाळेत, चित्रकलेच्या वर्गात तालमी केल्या. संध्याकाळी साडेसहा ते नऊ, महिना तीनशे रुपये, रीतसर पावती. अट एकच, सकाळी बाकं होती तशी दिसली पाहिजेत. म्हणून प्रत्येक बाकाच्या पायाशी खडूची खूण करायचो. दार कुठे, खाट कुठे, हेही खडूनेच आखलेलं. सकाळी मुलं त्या चौकटींत लंगडी खेळायची. किल्लीवाले शिपाईमामा दारात बसून ऐकायचे. दुसऱ्या महिन्यात कुणी अडखळलं की तेच वाक्य पुरवायचे. शेजारच्या वर्गात तबल्याची शिकवणी होती. हळूहळू त्या गल्लीत एकाने लाइट भाड्याने देण्याचं दुकान टाकलं, शिंप्याकडे कपडेपटाची कामं यायला लागली, चहाची टपरी दहापर्यंत उघडी राहू लागली. कलावंतांचा परिसर म्हणतात तो हाच. कुणी आराखडा केला नव्हता.

मग गावाच्या दुसऱ्या टोकाला वातानुकूलित कलाकेंद्र झालं आणि 'आता केंद्र आहे ना' म्हणून शाळेची किल्ली काढून घेतली. केंद्राचं एका सत्राचं भाडं दोन हजार. आम्ही कुठून देणार? लाइटवाल्याने दुकान बंद केलं. शिंपी आता गणवेश शिवतो.

कलापरिसर म्हटलं की मुंबईतल्या काळा घोडा भागाचं, तिथल्या कला महोत्सवाचं उदाहरण सगळे देतात. पण महोत्सव 1999 चा. जहांगीर कलादालन तिथे त्याच्या कितीतरी आधी, 1952 पासून आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाशेजारी पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 मध्ये उभं केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून अल्लादिया खाँसाहेब त्यांच्या दरबारात गात होते. आधी माणूस सांभाळला, मग इमारत बांधली.

माझा मावसभाऊ महापालिकेत मालमत्ता विभागात होता. त्याचं म्हणणं, स्वस्तात दिलं की लोकांना किंमत राहत नाही. अकरा वर्षांत आमचा एक महिना थकला नाही. पावत्यांचा गठ्ठा अजून माझ्या कपाटात आहे, त्यालाही दाखवलाय.

एक मात्र खरं, स्वस्त म्हणजे असुरक्षित नको. ऑगस्ट 2024 मध्ये ते केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. खोली देण्याआधी वायरिंग तपासून घ्या, तो खर्च महापालिकेचाच.

निवेदन देणार असाल तर माहितीच्या अधिकारात आधी यादी मागा: संध्याकाळी बंद असणारे शाळांचे वर्ग किती? आमचा चित्रकलेचा वर्ग त्या यादीत नक्की असेल. अजून संध्याकाळी त्याला कुलूपच असतं.