फलकावरच्या वाक्यातला कर्ता

प्रिय,

वारसास्थळाच्या फलकासाठीचा तुझा मसुदा वाचला. 'युद्धात या वास्तूचे नुकसान झाले. आज ती दोन्ही समाजांच्या मैत्रीचे प्रतीक आहे.' नुकसान कुणी केलं, कधी, कशाने? आणि मैत्री झाली हे कुणी ठरवलं? संघर्ष झालेल्या जागी फलकापाशी थांबणारा माणूस हेच शोधत असतो.

बोस्नियातल्या मोस्तार शहराचा जुना पूल घे. मिमार हयरुद्दीनने बांधलेला हा उस्मानी (ऑटोमन) काळातला पूल १५६६ साली पुरा झाला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी, बोस्नियातल्या क्रोएटांची जी सेना होती त्या एचव्हीओच्या माऱ्यात तो नेरेत्वा नदीत पडला. पुन्हा उभारलेला पूल २३ जुलै २००४ला खुला झाला आणि २००५मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. आता 'पूल युद्धात कोसळला' असं लिहिलंस तर करणारा सुटतो. 'क्रोएटांनी पाडला' असं लिहिलंस तर गावातल्या ज्या क्रोएट कुटुंबांचा त्या माऱ्याशी काही संबंध नव्हता, तीही आरोपी होतात. 'एचव्हीओच्या रणगाड्याच्या तोफेने ९ नोव्हेंबर १९९३ रोजी पाडला' हे नेमकं. सेना, हत्यार, तारीख. समाजाचं नाव तिथे लागत नाही.

एवढ्यावर भागत नाही. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २०१३मध्ये पूल लष्करी लक्ष्य होता हे मान्य केलं, पण त्याचा विध्वंस प्रमाणाबाहेर होता म्हणून बोस्नियातल्या क्रोएट नेत्यांना दोषी ठरवलं. २०१७च्या अपिलात पुलापुरता तो दोष रद्द झाला. काही लोक या निकालाचा अर्थ 'पूल कुणी पाडलाच नाही' असा लावतात, काही लोक निकालाचा उल्लेखच टाळतात. म्हणून तीन गोष्टी तीन वेगळ्या वाक्यांत ठेव. काय घडलं, न्यायालय काय म्हणालं, आणि लोक त्याचा काय अर्थ लावतात. तिसऱ्या वाक्यात कुणाचं मत आहे तेही सांग. बहुतेक भांडणं ही तीन वाक्यं एकात कोंबल्यामुळे होतात.

समतोलाचा मोह आवर. दोन्ही बाजूंना सारख्या ओळी द्यायला हव्यात असं वाटेल, आयोजकही तेच सांगतील. पुराव्याने ठरलेल्या गोष्टीवर वाटाघाट करायची नाही. अर्थाबद्दल करायची, आणि तिथे मात्र मोकळ्या हाताने.

कामाची सुरुवात कालपटापासून, म्हणजे घटनांच्या सालवार मांडणीपासून कर. प्रत्येक समाजातल्या पाच-सहा जणांना आधी वेगवेगळं बसव आणि 'या जागेची गोष्ट कुठून सुरू होते?' एवढंच विचार. एकत्र बैठकीत माणूस स्वतःचं बोलत नाही, गटाचं बोलतो, आणि मवाळ लोक गप्प राहतात. सुरुवातीचं साल जवळजवळ कधीच जुळत नाही, आणि ते साल निवडलं की अन्याय कुणावर झाला हेही ठरून जातं. थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या प्रेआ विहार मंदिराची गोष्ट ते बांधणाऱ्या ख्मेर राजांपासून सांग, किंवा ते कंबोडियाच्या हद्दीत आहे असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरवलं त्या १९६२पासून सांग. थायलंडचा वाचक दोन्ही वेळा वेगळ्या जागी उभा राहतो. दोन्ही कालपट शेजारी-शेजारी लावता येतात. जुळवण्याचा हट्ट नको.

मग प्रत्येक वाक्यासमोर एक तक्ता भर: आधार काय, हरकत कुणाची, काय ठरलं आणि का. इकोमॉस या वारसास्थळांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००८च्या सनदेत निर्वचनाला, म्हणजे जागेचा अर्थ लोकांना सांगण्याला, अभ्यासातल्या पुराव्याबरोबरच जिवंत परंपरेचाही आधार असावा असं तत्त्व आहे. तोंडी साक्षीही याच तक्त्यात येतात, आणि त्याही तपासायच्या. फलक शंभर शब्दांत बसव, बाकीचं पुस्तिकेत. लांब फलक उभ्याने कुणी वाचत नाही, आणि अवघड वाक्यं नेमकी तळाशी जाऊन बसतात.

केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाकडे नीट बघ. १९६६मध्ये ती वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली गेली आणि पुढे साठ हजारांहून जास्त लोक हलवले गेले. १९९४मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात जमिनीवर वस्तीचा नकाशा आहे, आणि आपलं घर कुठे होतं ते जुने रहिवासी त्यावर स्वतः लिहितात. नाव लिहायला कुणाशी एकमत व्हावं लागत नाही, म्हणून ते चालतं. 'समेट' हा शब्द तिथल्या नकाशाला लागत नाही, तुझ्या फलकालाही लागू नये. तो सहसा पैसे देणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. मोस्तारमध्ये पूल उभा राहिला तरी एकाच शाळेच्या इमारतीत मुलं वेगवेगळे अभ्यासक्रम शिकत राहिली.

साक्षीदारांची संमती लेखी घे, आणि नाव, छायाचित्र, आवाज यांसाठी वेगवेगळी. ती मागे घेण्याचा हक्क त्यात लिहून दे. दगडात कोरलेलं नाव मागे घेता येत नाही, म्हणून नावं बदलता येणाऱ्या पट्टीवर किंवा ध्वनिफितीत ठेव. उद्या राजकारण फिरलं तर कालचा साक्षीदार अडचणीत येतो.

वाटाड्यांना एवढं शिकव: वाद घालणाऱ्याशी गटासमोर वाद नको. 'तुम्ही काय ऐकलंय?' विचारायचं, वहीत टिपायचं, पुढे जायचं. ती वही दर तीन महिन्यांनी तक्त्याशेजारी ठेवून वाच. एकच हरकत पुन्हा पुन्हा आली असेल तर आधी आपलं वाक्य तपास, मग हरकत घेणाऱ्याचा हेतू.