एचएमटीची पोती

प्रश्न : काका, मी नागभीड तालुक्यातली. बी.एस्सी. झाली, आता घरीच आहे. कॉलेजात पाहुणे सांगून गेले, आता ज्ञानावर चालणारी अर्थव्यवस्था येणार. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइन नसते. कोरिया-तैवानला आपण कसं गाठायचं?

उत्तर : पोरी, मी राइस मिलचा दिवाणजी, म्हणून आधी हिशेब. देशाच्या उत्पन्नातल्या शंभर रुपयांमागे कोरिया संशोधनावर जवळपास पाच रुपये घालतो, आपण 64 पैशांच्या आसपास.

पण त्यांनी सुरुवात केली तेव्हा तेही कफल्लकच होते. 1968 मध्ये पोहांगची पोलाद कंपनी काढली, माणसं जपानच्या भट्ट्यांवर शिकायला धाडली आणि 1973 मध्ये स्वतःचं पोलाद काढलं. तैवानने 1976 मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिपचं तंत्र घेतलं, तेव्हा पोरंही तिकडच्या कारखान्यात बसवली. शिकून आलेल्याचं ज्ञान परत आल्यावर दहा जणांच्या हाती गेलं पाहिजे, एवढी व्यवस्था त्यांनी केली.

आपलं घोडं इथेच अडतं. दादाजी खोब्रागडे तुझ्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी. शाळा तिसरीपर्यंत, शेती दीडेक एकर. 1983 च्या सुमारास पटेल-3 धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या राखून, दरसाल पेरून, निवडून त्यांनी बारीक धानाचं वाण काढलं. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. आमच्या मिलमध्ये त्या नावाची पोती यायची, भाव चढा. मालक खूश, मी पावत्या फाडतोय. हे वाण कोणाचं, असं मी कितीतरी वर्षं विचारलंसुद्धा नाही. दादाजी 2018 मध्ये गेले. पुरस्कार मिळाले, पण हात ओढाताणीतच राहिला.

त्यांनी वाण काढलं तेव्हा त्यावर हक्क सांगायला कायदाच नव्हता. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं. मात्र ते इतरांपेक्षा वेगळं आहे आणि दरसाल तसंच उतरतं, हे दाखवावं लागतं. गावात ते कोण लिहून ठेवणार? तुझी बी.एस्सी. इथे कामाची.

घरी किंवा शेजारी कोणी जुनं धान राखत असेल तर या खरिपापासून लाग. पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी, लोंबी कधी निसवली, एका बांधीत किती पायल्या झाल्या, सगळं तारखेनिशी. वही दोनशे पानी घे, पुठ्ठ्याची. बांधावर पातळ वही भिजते.