पाऊस थांबल्यावरही खालच्या घरात गळतंय? कोटिंगचं नंतर बघा, आधी आउटलेट बंद करून पाणी भरून ठेवा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी उठून परत वाचली. नेरूळ, चौथा मजला, बेडरूमला लागून छोटी गच्ची, चाळीसेक कुंड्या. खालच्या काकूंच्या छताला ओल. पाऊस थांबून तीन आठवडे झाले तरी थेंब पडतोच आहे. कंत्राटदार म्हणतो, टाइल्सवरूनच पाणी अडवणारं कोटिंग मारून देतो, दहा वर्षांची गॅरंटी, दिवाळीच्या आत काम संपवतो. कुठलं कोटिंग चांगलं, झाडं हलवावी लागतील का, आणि कठड्यालगत विटांचा वाफा बांधला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

गावाचं नाव तेवढं बदला, बाकी सगळं आमच्या घरी घडलेलं आहे. आम्ही ठाण्यात, पोखरण रोड नंबर २ च्या बाजूला राहतो. आमच्याकडेही काकूच होत्या, दिवाळीच होती आणि टाइल्सवरून मारायचं कोटिंगच होतं. म्हणून लांबलचक लिहिते आहे. मी इंजिनिअर नाही, वकील नाही, शाळेत शिकवते. जे सांगते आहे ते स्वतःच्या पैशांनी आणि दोन पावसाळ्यांनी शिकवलेलं आहे. तुमची इमारत वेगळी असू शकते, तेव्हा जाणकार माणसाला दाखवाच. कुंडीला भोक हवं, पाणी बेताने घालावं हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

कोटिंग कुठलं घ्यावं याचं उत्तर मी आत्ता देणार नाही. पाणी नेमकं कुठून खाली जातंय हे कळल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, हे मात्र हात जोडून सांगते.

आमची चूक तिथेच झाली. ऑक्टोबरमध्ये काकूंनी खाली त्यांच्या घरी बोलावून नेलं आणि छतावरचा डाग दाखवला. मला इतकं ओशाळायला झालं की लगेच काहीतरी करून दाखवायचं या घाईत आलेल्या पहिल्या कंत्राटदाराला हो म्हटलं. तो पाच मिनिटं गच्चीवर फिरला, टाइल्सचे सांधे दाखवले, म्हणाला इथूनच पाणी जातंय. आउटलेटची, म्हणजे गच्चीवरचं पाणी बाहेर जायच्या तोंडावरची, जाळी त्याने उचलून बघितली नाही. मीही म्हटलं नाही की बघा. सांधे भरून वर दोन हात कोटिंग, ६२,००० रुपये. नोव्हेंबरच्या मध्यावर थेंब थांबला. काकूंनी घरी बोलावून फराळाचं दिलं. मला वाटलं, सुटलो.

थेंब कोटिंगमुळे थांबलाच नव्हता. आपल्याकडच्या गच्च्यांवर टाइल्सच्या खाली बहुतेक वेळा विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, चार-पाच इंच जाड. विटा पाणी पितात. पावसाळ्यात तो कोबा भिजून गच्च होतो आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक आठवडे सावकाश खाली पाणी सोडत राहतो. आमचा कोबा रिकामा झाला म्हणून गळणं थांबलं, आणि श्रेय मिळालं कोटिंगला. पुढच्या जूनमध्ये तीन-चार दिवस लागून पाऊस पडला आणि डाग परत आला, आधीपेक्षा मोठा. कारण आता वरून झाकण घातलं होतं. पूर्वी कोब्यातलं थोडं तरी पाणी उन्हात वाफ होऊन वर जायचं. तो रस्ता आम्हीच पैसे देऊन बंद केला होता, सगळं पाणी खालीच जायला लागलं. ऑगस्टमध्ये काकूंच्या पलंगाच्या बाजूला प्लास्टरचा परातीएवढा पोपडा पडला. त्या वेळी त्या स्वयंपाकघरात होत्या. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

गॅरंटीचं विचारलंत म्हणून सांगते. कंत्राटदार आला, कोटिंग तपासलं, म्हणाला कोटिंग कुठेच सुटलेलं नाही, गॅरंटी कोटिंगची आहे, गळतीची नाही. कागद काढून वाचला तर खरंच तसं लिहिलं होतं. कागदावर ‘खालच्या छताला ओल आल्यास’ असे शब्द असतील तरच ती गॅरंटी धरा.

आता तुम्ही काय करावं. आधी शिडी घेऊन काकूंच्या छतावरच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. मग आठ-दहा दिवस गच्चीवर पाण्याचा थेंबही सांडू देऊ नका. झाडं मारू नका, कुंड्यांखाली खोल ताटल्या ठेवा आणि मगाने मोजून पाणी घाला. डाग आक्रसत गेला तर पाणी वरूनच येत होतं किंवा कोब्यातलं होतं. जराही फरक पडला नाही आणि थेंब रात्रंदिवस एकाच लयीत पडत असेल, तर नळाच्या पाइपवर संशय घ्या. रात्री घराचा मुख्य वॉल्व्ह बंद करून झोपा आणि सकाळी काकूंना विचारा. फुकटातली परीक्षा आहे.

डाग आक्रसला, तर पुढची पायरी पाणी भरून ठेवण्याची. कुंड्या आधी गच्चीवरून काढा. दाराच्या उंबऱ्याशी सिमेंट-वाळूचा छोटा बांध घाला, आउटलेटच्या तोंडात रबरी प्लग घट्ट बसवा आणि दोन इंच पाणी भरा. जास्त नको. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन होतं, तेवढं पुरे. भिंतीवर पातळीची खूण करा. त्याच गच्चीवर एका बादलीत पाणी भरून त्यातही खूण करून ठेवा, कारण उन्हाने पाणी आटतंच. बादलीतली आणि गच्चीवरची पातळी सारखीच उतरली तर पाणी उडून गेलं, गच्चीवरची जास्त उतरली तर ते कुठेतरी शिरतंय. ४८ तास, जमलं तर ७२ तास ठेवा. हे करताना काकू घरी असल्याच पाहिजेत, आणि त्यांना आधी सांगून, त्यांच्या पलंगावर प्लास्टिक घालून मगच सुरू करा.

आमच्याकडे हे केलं आमच्या सोसायटीतल्या जुन्या प्लंबरने, तेही दुसरा पावसाळा वाया गेल्यानंतर, मार्च महिन्यात. दोन दिवस पाणी उभं राहिलं, खाली काहीच नाही. मला वाटलं आता हा पण हात टेकणार. त्याने प्लग काढला, पाणी सोडलं, आणि म्हणाला खाली जाऊन बसा. दीड तासात थेंब आला. पाणी साठलं तेव्हा गळलं नाही, वाहायला लागलं तेव्हा गळलं. म्हणजे टाइल्स ठीक, सांधे ठीक, दोष आउटलेटच्या घशात. जाळी काढून हात घातला तर आत मुळांचा गुंता. सासूबाईंची जास्वंद आउटलेटला खेटून ठेवलेली होती, गणपतीत फुलं मिळावीत म्हणून त्यांनी जपलेली. कुंडीच्या भोकातून मुळं निघून जाळीतून ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या तुकड्यात, उतरली होती. मुसळधार पावसात पाणी तिथे तुंबायचं आणि ट्रॅप व खालचा पाइप यांच्या उघड्या पडलेल्या जोडातून कोब्यात पसरायचं. पीव्हीसी आणि काँक्रीट एकमेकांना धरत नाहीत, उन्हाने पाइप फुगतो-आकसतो, तो जोड आधी कधीतरी सैल झाला असणार. बाहेरच्या भिंतीवर त्याच पाइपपाशी पिंपळाचं रोप दोनदा उगवलं होतं. मी दोन्ही वेळा वरवर उपटून टाकलं आणि विसरले. भिंतीत पिंपळ उगवला म्हणजे तिथे ओल आहे, हे तेव्हा समजायला हवं होतं. तुमच्या बाहेरच्या भिंतीवर असं काही आहे का, वाकून न बघता खालून बघा.

आउटलेटभोवती दीड फूट चौरस फोडलं, नवा ट्रॅप आणि पाइपचा तुकडा घातला, भोवती न आकसणारं ग्राउट भरलं, वॉटरप्रूफिंगचा थर थेट पाइपच्या तोंडात वळवून घेतला. परत पाणी भरून बघितलं, मग टाइल्स बसवल्या. सगळं मिळून ९,५०० रुपये. तो थर घशात वळवून घ्यायलाच सगळे विसरतात, तुम्ही उभ्या राहून करून घ्या. आणि भिंत व फरशी मिळते तिथला ‘वाटा’, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलवा, नीट आहे का, हेही त्याच दिवशी बघा.

मधल्या काळात मी एका कार्यालयात खेटे घालत होते, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. उभा पाइप सगळ्या इमारतीचा, म्हणून मी सोसायटीकडे गेले. समितीने सांगितलं, गच्ची तुमची, तुम्ही बघा. रागाने मी तक्रार घेऊन एका कार्यालयात गेले. नाव घेत नाही. अर्ज घेतला, शिक्का मारला. महिन्याने सांगितलं प्रती जोडा. जोडल्या. मग म्हणाले सोसायटीचा ठराव आणा, मग फोटो रंगीत हवेत. शाळेतून अर्धी रजा टाकून मी सात महिन्यांत अकरा वेळा गेले. कुणी पाहायला आलं नाही. फेब्रुवारीत नव्या माणसाने फाइल उघडली आणि म्हणाला, बाई, हा विषय आमच्याकडे येतच नाही. हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. त्या सात महिन्यांत काकूंच्या छतातल्या सळ्या गंजत होत्या आणि मी त्यांना सांगत होते की अर्ज दिलाय, काम होईल. त्यांनी माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं. ६२,००० गेले त्यापेक्षा मला हे जास्त लागलं.

म्हणून सांगते, सोसायटीचे उपविधी, म्हणजे लेखी नियम, काढून वाचा. कुठली तक्रार कुठे करायची याची यादी त्यातच असते. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती आणि गळतीचे वाद सहकार न्यायालयाकडे जातात. वरची सामाईक गच्ची गळून शेवटच्या मजल्याचं छत खराब झालं, बाहेरच्या सामाईक पाइपमधून गळलं, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी घरातली गळती ज्याची त्याने निस्तरायची. घराला जोडलेल्या गच्चीवरून मात्र वाद होतात, तिथे वकिलाला विचारा. इमारत १५ वर्षांच्या पुढे असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सांगितलेलं आहे. झालंय का, तेही समितीला लेखी विचारा. नव्या इमारतीत राहणाऱ्या इतरांसाठी: ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा, फोनवर नको. माझं मत विचाराल तर दहा हजारांच्या आतलं काम असेल तर आधी करून टाका आणि हिशेब नंतर मांडा. काहींना हे पटणार नाही.

विटांचा वाफा बांधू नका. यावर माझं मत ठाम आहे. एक फूट ओली माती म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलोच्या वर वजन. आपल्या मानकांत घराच्या खोलीला साधारण २०० आणि बाल्कनीला ३०० किलो धरतात. वजनाचं सोडलं तरी वाफ्याखालची ओल कधीच वाळत नाही आणि तिथलं काही दिसत नाही. कुंड्या लोखंडी स्टँडवर सहा इंच उचलून ठेवा, खालून झाडू फिरला पाहिजे. बारा इंची ओली कुंडी पस्तीस किलोच्या घरात जाते, म्हणून जड कुंड्या इमारतीच्या भिंतीलगत ठेवा, बाहेरच्या कडेला नकोत. आम्ही आता माती नावालाच घालतो. कोकोपीट, शेणखत, वाळका पाला आणि रसवंतीवाल्याकडून आणलेली उसाची चिपाडं. चिपाडं नीट वाळवून, थर लावून कुजू द्यायची, नाहीतर मुंग्या होतात. यात वांगी, मिरची, कढीपत्ता उत्तम येतो. आमच्याकडे येऊरकडून माकडं येतात, ती टोमॅटो आणि कळ्या ठेवत नाहीत. गवती चहा आणि कोरफडीला मात्र आजवर हात लावलेला नाही. नेरूळला तुम्हाला हा त्रास नसावा.

आउटलेटच्या चारी बाजूंना दोन फूट मोकळं सोडा. अळू, कर्दळ अशी सतत पाणी मागणारी झाडं तर त्या बाजूला अजिबात नकोत. मे अखेरीस आणि गणपतीच्या आधी जाळी उचलून आत हात घालून बघा. जास्वंद आम्ही टाकली नाही. मुळं छाटून मोठ्या कुंडीत लावली, ती आता दाराजवळ आहे आणि सासूबाईंना बसल्या जागेवरून दिसते.

काकूंच्या छताला लगेच रंग लावून देऊ नका. सुटलेलं प्लास्टर काढून सळ्या तारेच्या ब्रशने घासायच्या, गंजरोधक लावायचं, पॉलिमर घातलेल्या मॉर्टरने भरायचं आणि दोन महिने तसंच वाळू द्यायचं. ओलीवर रंग दिला की पांढरे क्षार बाहेर येतात आणि त्यांना वाटतं परत गळतंय. आम्ही मार्चमध्ये दुरुस्ती केली आणि रंग पावसाळा बघून ऑक्टोबरात दिला. काकूंनीच म्हटलं, थांबू या. नवरात्रात त्या कुंकवाला येऊन गेल्या.

कंत्राटदाराला दिवाळीनंतर या म्हणून सांगा. तुमच्या आउटलेटला सगळ्यात जवळची कुंडी कुठल्या झाडाची आहे आणि ती तिथे किती वर्षं आहे, तेवढं बघून लिहा. जाळी उचलून आतला एक फोटोही टाका.