थायरॉइडचं औषध सुरू करण्याआधी केसांच्या गोळ्यांच्या बाटलीची मागची बाजू वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी रिपोर्टांची फाइल डोळ्यांसमोर आली. तुमच्याही केस-नखांच्या गोळ्या, झोपेसाठी अश्वगंधा, सांध्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल, सगळं नैसर्गिक म्हणून चालू. मध्येच एका तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) पार तळाला, टी३ आणि टी४ (थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन) वर, म्हणजे कागदावर थायरॉइड अति चाललेलं. वजन मात्र आहे तेवढंच. धडधड नाही, घाम नाही, हातांना कंप नाही. आणि आता थायरॉइड दाबणारं औषध सुरू करायचं चाललंय. तुम्ही विचारलंय की ते औषध घेताना या गोष्टी चालू ठेवल्या तर चालेल का. मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: या गोष्टी पोटात असताना काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट खरा धरायचा का?

मी डॉक्टर नाही. जे सांगतेय ते स्वतः भोगलेलं आणि नंतर हट्टाने वाचून काढलेलं आहे. चिठ्ठीवरचं कुठलंही औषध माझ्या म्हणण्यावरून थांबवू नका की सुरू करू नका. पण हे सगळं डॉक्टरांसमोर नक्की मांडा.

आधी केसांच्या गोळ्यांची बाटली फिरवून मागचं कोष्टक वाचा. माझ्या बाटलीवर पुढे हिरवी पानं होती आणि मागे भिंगाने वाचावी अशी अक्षरं. बायोटिनच्या ओळीत १०,००० मायक्रोग्रॅम आणि शेजारच्या रकान्यात, रोजच्या गरजेच्या किती टक्के, तिथे ३३,३३३. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व असल्यामुळे जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, म्हणून ते निरुपद्रवी असं सगळे सांगतात, आणि शरीरापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण रक्त तपासणारी कित्येक यंत्रं बायोटिनच्याच जोरावर चालतात, हे कुणी सांगत नाही.

स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं एक प्रथिन आहे, त्याला बायोटिन विलक्षण घट्ट चिकटतं. म्हणून चाचणीच्या रसायनात हार्मोन पकडणाऱ्या कणांना बायोटिनची शेपटी जोडलेली असते आणि ती शेपटी स्ट्रेप्टाव्हिडिनला चिकटली की मोजणी होते. तुमच्या रक्तात आधीच ढीगभर मोकळं बायोटिन असेल तर ते तिथल्या जागा अडवून बसतं आणि पकडलेला हार्मोन धुऊन जातो. टीएसएच ज्या पद्धतीने मोजतात त्यात यामुळे आकडा खोटा कमी येतो. टी३, टी४ ची पद्धत उलटी असते, तिथे यंत्राला मिळणारी खूण जितकी मंद तितका हार्मोन जास्त असं गणित असतं, म्हणून ते खोटे जास्त येतात. दोन्ही मिळून जे चित्र कागदावर उमटतं ते हुबेहूब थायरॉइड अति चालल्याचं. काही यंत्रांवर ग्रेव्हज आजाराची (थायरॉइड अति चालवणारा आजार) अँटिबॉडीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येते. माझी तशीच आली होती. त्यामुळे शंका घ्यायला कुणाला जागाच उरली नाही.

आता माझं रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेबद्दल. नाव घेणार नाही, पण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथल्या खिडकीवर झालं. रक्त द्यायच्या आधी भरायच्या अर्जात 'चालू औषधे' असा रकाना होता. मी केसांच्या गोळीचं नाव सांगितलं. समोरून उत्तर आलं, व्हिटॅमिन औषधात धरत नाही, उपाशीपोटी आलात ना, बास. रकाना कोरा राहिला. रिपोर्ट आल्यावर मी पुन्हा गेले आणि विचारलं की ही चाचणी कुठल्या यंत्रावर, कुठल्या पद्धतीने केली, आणि गोळ्यांचा तिच्यावर परिणाम होतो का. ती माहिती पेशंटला देत नाही म्हणाले. मग डॉक्टरांची चिठ्ठी नेली. साहेब बाहेर आहेत. मेल पाठवला, त्याला उत्तर म्हणून तोच रिपोर्ट पुन्हा आला, खाली 'वैद्यकीय लक्षणांशी पडताळून पाहावे' हे छापील वाक्य. अहो, लक्षणांशी पडताळलं म्हणूनच तर मी दारात उभी होते! ज्या रसायनाचा संच ते वापरतात त्याच्या माहितीपत्रकात किती बायोटिनपर्यंत चाचणी भरवशाची हे लिहिलेलं असतं. ते पत्रक उघडून एक ओळ वाचून दाखवायची होती.

त्याचं पर्यवसान काय झालं ते ऐका. औषध सुरू झालं. माझी थायरॉइड ग्रंथी मुळात धडधाकट, तिला औषधाने दाबलं. मग खरोखरच थायरॉइड कमी पडायला लागलं: अंग जड, चेहरा सुजलेला, सतत थंडी, बद्धकोष्ठ. पण गोळ्या चालूच असल्याने रिपोर्ट अजूनही 'जास्त' दाखवत होता, म्हणून डोस वाढला. केस आधीपेक्षा जास्त गळायला लागले, आणि त्यासाठी मी त्या केसांच्या गोळ्या आणखी नेमाने घेत होते. या प्रकारची औषधं साधी नसतात. क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, म्हणून ती घेताना ताप किंवा घसादुखी आली तर लगेच रक्त तपासायला सांगतात. त्या सगळ्या काळात घरात कुणाला साधा ताप आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

शेवटी दुसऱ्या एका हार्मोनतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली, आधी नाडी पाहिली, मग दोन्ही हात समोर ताणायला लावून बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कंप असेल तर कागदाची कड थरथरते. ती हलली नाही. त्यांचा पुढचा प्रश्न होता, केसांसाठी काही घेता का? गोळ्या थांबवून, दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर तपासणी केली आणि खरं चित्र बाहेर आलं.

ही काही गुप्त गोष्ट नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियंत्रण संस्था) नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. त्यांच्याकडे आलेल्या नोंदींत एक मृत्यूही होता. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ती ट्रोपोनिनची चाचणी बायोटिनमुळे खोटी कमी आली होती. म्हणून छातीत दुखून कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर या गोळ्यांचं नाव पहिल्या दमात सांगा. इशाऱ्यांनंतर बऱ्याच कंपन्यांनी आपल्या चाचण्या सुधारल्या आहेत आणि काही यंत्रं तर बायोटिन वापरतच नाहीत, त्यामुळे तुमच्या रिपोर्टात हाच घोळ असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण लक्षणं आणि आकडे यांची इतकी फारकत असेल तर आधी हे तपासणं स्वस्त आणि सोपं आहे.

आता तुमच्या बाबतीत एक गुंता जास्त आहे, तो म्हणजे अश्वगंधा. बायोटिन फक्त कागद बिघडवतं. अश्वगंधा खरोखर थायरॉइड हार्मोन वाढवू शकते, आणि ती घेणाऱ्यांत खऱ्या अतिथायरॉइडच्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय केसांच्या काही गोळ्यांमध्ये समुद्री शेवाळ, म्हणजे केल्प, घातलेलं असतं. त्यातून आयोडीन किती जातं याचा भरवसा नसतो, आणि थायरॉइडला आयोडीन कमी पडलं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास. दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम असते. तेव्हा कोष्टकात तीही ओळ शोधा.

मी तुमच्या जागी असते तर डॉक्टरांना विचारून केसांच्या गोळ्या आणि अश्वगंधा दोन्ही एकदम थांबवलं असतं, पण तपासणी दोनदा केली असती. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन बायोटिन निदान २ दिवस बंद ठेवून रक्त द्यायला सांगते. डोस मोठा असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त दिवस लागतात. मी सरळ आठवडाभर थांबायला सांगेन. त्या तपासणीत सगळं जागेवर आलं तर दोष कागदाचा होता. टी४ अजून वरच असेल तर अश्वगंधा किंवा खरा आजार, दोन्ही शक्यता उरतात. टीएसएच स्थिरावायला साधारण ६ आठवडे लागतात, म्हणून दुसरी तपासणी तेव्हा. मात्र मधल्या काळात धडधड, छातीत दुखणं, धाप असं काही झालं तर वाट पाहत बसू नका. आणि पुन्हा तपासणी करताना त्याच प्रयोगशाळेच्या खिडकीवर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. डॉक्टरांनाच सांगा की वेगळ्या पद्धतीचं यंत्र असलेली जागा सुचवा.

हळदीच्या कॅप्सूलबद्दल माझं मत जरा कडक आहे. स्वयंपाकातली हळद आणि कॅप्सूलमधलं कुरकुमिन (हळदीतला मुख्य घटक) या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुरकुमिन एरवी रक्तात फारसं उतरतच नाही, म्हणून त्यात मिरीतलं पायपरिन घालतात. १९९८ च्या एका अभ्यासात त्याने माणसांत शोषण २० पट झाल्याचं दिसलं होतं. जे एरवी यकृतापर्यंत पोचत नव्हतं ते आता पोचतं. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या केसेस अनेक देशांतून आल्या आहेत, आणि विशिष्ट जनुक असलेल्यांना हा धोका जास्त असतो असंही आढळलंय. पायपरिन इतर औषधांचंही शोषण वाढवतं. तुमच्यासाठी हे आणखी महत्त्वाचं, कारण थायरॉइड दाबणारी औषधंही यकृताला कधीकधी झेपत नाहीत आणि अश्वगंधेनेही कावीळ झालेली आहे. तिन्ही एकत्र घेऊन उद्या कावीळ झाली तर कशाने झाली हे कुणालाच सांगता येणार नाही. सांध्यांना कॅप्सूलने थोडा आराम पडतो असं काही लहान अभ्यासांत दिसतं, तो खोटा म्हणत नाही. पण सध्या एसजीपीटी (यकृताची रक्तचाचणी) पाहून घ्या आणि थायरॉइडचा निकाल लागेपर्यंत त्या बाजूला ठेवा.

पूरक गोळ्या सगळ्या फसव्या असतात असं मी म्हणत नाहीये, हे मुद्दाम लिहिते, कारण असं काही लिहिलं की लगेच तोच अर्थ काढला जातो. गर्भधारणेच्या आधीपासून घेतलेलं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड बाळाच्या मणक्यातले दोष टाळतं, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्याला बी१२ बाहेरून घ्यावंच लागतं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते तपासत राहावं. इसबगोलाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, फक्त सोबत भरपूर पाणी हवं आणि इतर औषधांपासून अंतर. या सगळ्यांत कमतरता किंवा गरज ठरलेली आहे आणि डोस ठरलेला आहे. केसांसाठी बायोटिनचं तसं नाही. खरी कमतरता फार दुर्मीळ, आणि ती नसताना बायोटिनने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. केस गळत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड पाहा, आणि तेही बायोटिन थांबवून पाहा.

तुमचा 'नैसर्गिक आहे तर नुकसान काय' हा प्रश्न मला फार ओळखीचा आहे, म्हणून एकच उदाहरण देते. गाजरातलं बीटा कॅरोटीन यापेक्षा निरागस काय असणार? फिनलंडमध्ये २९ हजारांवर पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर अभ्यास झाला, १९९४ मध्ये निष्कर्ष छापून आले. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त झाला. पदार्थ तोच, फक्त गोळीत आणि त्या डोसात.

एक जोडटीप, कारण पुढेमागे कामी येईल. माझ्यासारखं उलटं होऊन, म्हणजे थायरॉइड कमी पडून, कधी लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) घ्यायची वेळ आली तर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून ४ तास लांब ठेवा, नाहीतर ती नीट शोषली जात नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची यादी नको, बाटल्याच पिशवीत घालून न्या. यादीत आपण 'केसांची गोळी' एवढंच लिहितो, डोस कोष्टकात असतो. आणि प्रयोगशाळेच्या अर्जातल्या त्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'बायोटिन', डोस आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहा, समोरचा काहीही म्हणो. लिहिल्यावर अर्जाचा फोटो काढून ठेवा. नवे आकडे आले की रेफरन्स रेंजसकट (शेजारी छापलेली सामान्य मर्यादा) इथे टाका, आणि जमल्यास बाटलीच्या मागच्या कोष्टकाचा फोटोही. मी नक्की पाहीन.