दोन ‘दुसऱ्या’ आणि हरवलेली डिस्क
वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात वडिलांच्या कॅसेटी संगणकावर कशा उतरवल्या ते लिहिलं होतं. शेवटी ओझरतं म्हटलं होतं की हे सगळं गाणं आता घरातल्या एका छोट्या सर्व्हरवर आहे, माजघरात वाजतं तसंच माडीवरही वाजतं. आलेली बहुतेक पत्रं त्या एकाच वाक्यावर आहेत. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आहे, त्यावर पायकोअरप्लेअर ही गाणं वाजवण्यासाठी बनवलेली प्रणाली आणि तिच्या आत लिरियन म्युझिक सर्व्हर, म्हणजे घरभर गाणं पुरवणारा प्रोग्रॅम. हा सर्व्हर जुना आणि मुरलेला आहे. स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१ साली घरात संगीत ऐकण्याचं एक यंत्र काढलं, त्याच्या जोडीला हा आला. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये ती यंत्रं बनवणं थांबवलं. पण सर्व्हरचा कोड खुला होता, म्हणून लोकांनी तो सांभाळला, वाढवला. २०२४ पासून त्याला लिरियन म्हणतात. जुन्या मदतीच्या पानांवर ‘स्लिमसर्व्हर’, ‘स्क्वीझबॉक्स सर्व्हर’ किंवा ‘लॉजिटेक मीडिया सर्व्हर’ असं दिसलं तर गोंधळू नका, तो हाच.

चिपळूणचे एक वाचक: पायकोअरप्लेअर आणि लिरियन दोन्ही बसवलं. एका व्हिडिओत बघून टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, हार्ड डिस्क जोडली, रोज सकाळी सातला भजन लागावं म्हणून एक स्क्रिप्टही लिहिली. आठ दिवस झकास चाललं. मग रात्री लाईट गेली. परत आली तेव्हा डिस्क दिसेना, स्क्रिप्ट गायब, संग्रहात शून्य अल्बम. कार्ड जळलं का?

कार्डाला काही झालेलं नाही. गाणीही डिस्कवर जशीच्या तशी आहेत, आधी निर्धास्त व्हा.

पायकोअरप्लेअर टायनी कोअर लिनक्सवर बांधलेला आहे. सुरू होताना तो सगळा कार्डावरून उचलून रॅममध्ये येतो आणि तिथेच चालतो. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते, म्हणून तर मी हाच सुचवते. साधं लिनक्स सतत कार्डावर काहीबाही लिहीत असतं, आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली तर कार्डावरची मांडणी विस्कटू शकते. इथे तो धोका फार कमी. पण याचा अर्थ असाही होतो की टर्मिनलमधून केलेला बदल रॅममध्येच राहतो आणि विजेबरोबर जातो. बदल केल्यावर टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत ‘पीसीपी’, एक जागा सोडून ‘बीयू’ एवढं लिहून एंटर दाबायचं. मग ते कार्डावर उतरतं. वेबपानावरून सेव्ह केलं तर हे काम तो आपणहून करतो.

म्हणून डिस्क टर्मिनलमधून जोडूच नका. पायकोअरप्लेअरच्या वेबपानावर एलएमएस (लिरियन म्युझिक सर्व्हर) नावाचा भाग आहे, तिथे यूएसबी डिस्क निवडा, तिला नाव द्या, सेव्ह करा. विंडोजवर तयार केलेली एनटीएफएस डिस्क असेल तर त्याच पानावरून जादा फाइल सिस्टिमचं पॅकेज आधी बसवावं लागेल. त्यानंतर लिरियनमध्ये गाण्यांचा फोल्डर तपासा आणि स्कॅन करा, अल्बम परत येतील. भजनासाठी स्क्रिप्टची गरजच नाही. लिरियनमध्ये प्रत्येक प्लेअरला गजर लावता येतो, वार निवडता येतात, काय वाजावं तेही ठरवता येतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि त्याच्या चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. फिरती हार्ड डिस्क सुरू होताना बराच करंट ओढते. मोबाइलचा जुना चार्जर लावला असेल तर डिस्क मध्येच सुटते आणि दोष सर्व्हरवर येतो. माझी डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबवर आहे, आणि हब व पाय दोन्ही इन्व्हर्टरवर.

बडोद्याहून एक वाचक: आमच्याकडे घरगुती बैठकांची ध्वनिमुद्रणं आहेत. अल्बमचं नाव ‘दुसऱ्या दिवसाची बैठक’. सर्व्हरमध्ये हा अल्बम दोनदा दिसतो, अर्धी गाणी एकात, अर्धी दुसऱ्यात. नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे. शिवाय एकाच गायकाची तीन-तीन नावं दिसतात.

तुमचं पत्र वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. याच ‘ऱ्या’ने माझे दोन रविवार खाल्ले आहेत.

डोळ्यांना सारखं दिसतं, संगणकाला नाही. मराठीतला हा अर्धा र, ज्याला काही जण पापणीचा र म्हणतात, तो लिहिण्याच्या निदान तीन तऱ्हा आहेत. पहिली, ‘ऱ’ हे एकच अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त. तिसरी, साधा ‘र’, हलन्त, आणि मागोमाग डोळ्यांना न दिसणारा एक जोडणारा. तिन्हींतून पडद्यावर ‘दुसऱ्या’च उमटतं. तुम्ही अर्धी नावं संगणकावर टाइप केली असतील आणि अर्धी फोनवर, किंवा कुणी जुन्या मॅकवरच्या फायलींच्या नावांवरून टॅग, म्हणजे फायलीच्या आत साठवलेली अल्बम-गायकाची माहिती, भरले असतील. जुना मॅक फायलींच्या नावातल्या ‘ऱ’चा र आणि नुक्ता असा विग्रह करून ठेवत असे. सर्व्हर अक्षरांमागचे आकडे जुळवून बघतो. आकडे वेगळे, म्हणून अल्बम वेगळा.

कसं ओळखायचं? टॅगच्या चौकटीत कर्सर ‘दुसऱ्या’च्या शेवटी ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबा, मोजत. दोन्ही फायलींत हेच करा. एकीत एक ठोका जास्त लागला तर चोर सापडला. सगळ्याच प्रोग्रॅममध्ये हा हिशेब चोख लागत नाही, पण टॅग बदलण्याच्या एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅममध्ये मला लागला. दुरुस्तीही तिथेच. सगळ्या फायली निवडायच्या, ‘बदला’ या क्रियेत चुकीचं रूप कॉपी करून एका चौकटीत, बरोबर रूप दुसऱ्या चौकटीत, आणि एकदम चालवायचं. लिनक्सवाल्यांनी किड-थ्री वापरावं. कोणतं रूप ठेवायचं? मी पहिलं, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असलेलं ठेवते. मग लिरियनमध्ये नव्या आणि बदललेल्या फायलींचं स्कॅन केलं की दोन्ही अर्धी एकत्र येतात. एका अल्बमच्या फायली एकाच फोल्डरमध्ये असू द्या आणि अल्बम आर्टिस्ट हा टॅग सगळीकडे सारखा भरा, हेही त्याबरोबर बघून घ्या.

आता गायकाचं नाव. मी मिरजेची. इथे दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, ते लहानपणापासून ऐकत आले. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या, आणि त्या वेगवेगळ्या लोकांकडून माझ्याकडे आल्या. पहिल्यांदा स्कॅन केलं तेव्हा सर्व्हरने ‘अब्दुल करीम खाँ’, ‘अब्दुल करीम खान’, ‘उस्ताद अब्दुल करीम खाँ’ आणि नुसतं ‘खाँसाहेब’ असे चार गायक दाखवले. एका माणसाचे चार तुकडे झालेले बघून मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून कलाकाराच्या टॅगमध्ये मी पदवी घालत नाही. ना पंडित, ना उस्ताद, ना बुवा. काही वाचकांना हे खटकेल, पण पदवी कुणी लावतं, कुणी लावत नाही, कुणी ‘पं.’ लिहितं, आणि माणूस हरवतो. घालायचीच असेल तर प्रत्येक फाइलीत, एकाच तऱ्हेने घाला.

शंका असेल तिथे एका टॅगमध्ये दोन नावं अर्धविरामाने तोडून लिहा. लिरियनच्या सेटिंगमध्ये हा तोडणारा कोणता हे ठरवता येतं. जुगलबंदीला हे फार उपयोगी पडतं, दोघांच्याही नावाखाली तोच अल्बम मिळतो. मी रागाचं नावही असंच प्रकाराच्या टॅगमध्ये घालते, ‘ख्याल;भूप’. मग प्रकारांच्या यादीत भूप उघडला की घरातले सगळे भूप समोर. तोडणारा बदललात तर मात्र संग्रह पुसून पूर्ण स्कॅन करावं लागतं. ते रात्री लावून झोपा.

ठाण्याच्या एक वाचक: विलंबित संपता संपता द्रुत त्याच्या अंगावर येतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात. आणि सतारीच्या आलापाचा आवाज शेवटच्या जलद ‘झाला’एवढाच मोठा लागतो.

दोन्ही सेटिंग प्लेअरच्या ऑडिओच्या पानावर आहेत. क्रॉसफेड, म्हणजे एकात दुसरं मिसळणं, बंद करा, ते नाचगाण्याच्या मैफलीसाठी ठीक. आवाजाच्या समतोलात ‘ट्रॅक गेन’ असेल तर ‘अल्बम गेन’ करा. ट्रॅक गेन प्रत्येक तुकड्याला एकाच पातळीवर आणतो. सतारीचा आलाप मुळात हळू असतो, त्याचं हळूपण हा त्या वादनाचा भाग आहे, ते यंत्राने भरून काढायचं नाही.

न्यू जर्सीहून एक वाचक: सांगलीला आई-वडिलांकडे सर्व्हर लावून दिला आहे. तिथलं गाणं इथे ऐकता येईल का? राउटरमधून ९००० पोर्ट उघडायला एकाने सांगितलं.

कृपा करून उघडू नका. ९००० हे लिरियनच्या वेबपानाचं दार आहे. हा सर्व्हर घरातल्या घरात वापरायचा म्हणून बनलेला आहे, बाहेरच्या जगाला तोंड देण्याइतकं कुलूप त्याला नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरून दोन घरांमध्ये खासगी बोगदा करा, म्हणजे तुमचा फोन सांगलीच्या घरातच असल्यासारखा वागेल. पुष्कळ इंटरनेट जोडण्यांमध्ये घराला स्वतःचा जाहीर पत्ता मिळत नाही, तिथेही टेलस्केल चालतं. लाइन बारीक असेल तर तुमच्या प्लेअरपुरती बिटरेटची मर्यादा घाला, सर्व्हर फ्लॅक या मोठ्या फायलींचं लहान एमपीथ्री करून पाठवील. हे सगळं पुढच्या सुट्टीत सांगलीला असताना, आई-वडिलांच्या शेजारी बसून करा.

पुण्याचा एक विद्यार्थी: लिरियनच्या प्लगइनची, म्हणजे जोड-प्रोग्रॅमांची, यादी केवढी मोठी आहे! कुठली घालू?

कमीत कमी. माझ्याकडे मोजकी आहेत. मटेरियल स्किन घाल, त्याने फोनवर सर्व्हरचं पान नीटस दिसतं आणि घरातली मोठी माणसंही ते वापरू लागतात. जुना ब्लूटूथ नसलेला, पण नेटवर्कला जोडता येणारा स्पीकर असेल तर त्याच्या जातीप्रमाणे एअरप्लेचा, क्रोमकास्टचा किंवा यूपीएनपीचा ब्रिज, त्यातला एकच. ‘डोन्ट स्टॉप द म्युझिक’ हे यादी संपली की आपल्या मनाने पुढचं काही वाजवत राहतं. मी ते बंद ठेवलं आहे. भैरवी झाल्यावर घरात दोन मिनिटं शांतता हवी.

आणि एक प्लगइन मात्र नक्की चालू आहे ना ते बघ: फुल टेक्स्ट सर्च. साधा शोध गाणं, गायक आणि अल्बम यांत बघतो. हा टिपणीच्या टॅगमध्येही बघतो. तिथे मी साथीदारांची नावं लिहिते, देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये एकदा, कारण नातवंडं रोमनमध्ये शोधतात.

माझ्या वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. गावातल्या बैठका ते स्वतः टेप करत. कॅसेटच्या आतल्या कार्डावर वर शाईने गायकाचं नाव, राग, तारीख, आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीने तबला कोण, पेटी कोण, तंबोऱ्याला कोण. फिती उतरवल्या तेव्हा मी फक्त शाईची ओळ भरली होती. पेन्सिल पुसट झाली होती, घाई होती. वर्षभराने पुन्हा प्रत्येक कार्ड खिडकीशी तिरकं धरून वाचलं, फोटो काढून अल्बमच्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठ म्हणून ठेवलं आणि नावं टिपणीत घातली. तीन महिने लागले.

गेल्या दिवाळीत आमच्याच गल्लीतल्या एक बाई फराळाला आल्या होत्या. त्यांचे आजोबा तबला वाजवत, घरी एक फोटो आहे, वादन मात्र त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. मी फोनवर आजोबांचं नाव घातलं. चार अल्बम निघाले. तीन मला माहीत होते. चौथ्यात ते साथीला आहेत हे मी स्वतः टाइप करूनही विसरले होते. झपताल होता. बाई काही बोलल्या नाहीत, मांडीवर बोटांनी दहा मात्रा मोजत राहिल्या, संपल्यावर म्हणाल्या, परत लाव.

ती कॅसेट १९८२ची आहे, मधल्या चार आवर्तनांत एका बाजूचा आवाज बारीक होतो. सध्या तीच पुन्हा उतरवायला घेतली आहे.